पाय न टेकता लातूर

विश्रांती हा आळशी माणसांनी लावलेला शोध आहे, असं गुरुपादप्पा मास्तरांचं पक्कं मत होतं. हनीफभाईंच्या तळव्यांना फोड आले नसते तर अहमदपुरात मास्तरांनी दिवस तर सोडाच, पाणी प्यायलाही बूड टेकवलं नसतं. पण अंबाजोगाईहून निघाल्याच्या पाचव्या दिवशी बालाघाटचा डोंगर उतरताना हनीफभाई दर दहा पावलांना अल्लाचं नाव घेऊ लागले, आणि गावात त्यांची सख्खी बहीण रजिया राहत होती. तिच्या दारात बूट काढल्याबरोबर त्यांनी जाहीर केलं की उद्याचा अख्खा दिवस आपण खाटेवरून उठणार नाही, डोंगर काही कुठं पळून चाललेला नाही.

मास्तर मनातल्या मनात चरफडले. पण हनीफभाईंना मागं टाकून पुढं जाता येत नव्हतं, कारण ते सोबतीला आलेले नव्हते, साक्षीला आलेले होते.

त्याचं असं झालं. मास्तरांची भाची वर्षाराणी दहावीला चौऱ्याऐंशी टक्के घेऊन पास झाली. भूकंपाला तिसरं वर्ष चालू होतं. त्या काळात मराठवाड्यात पोराला पंचाहत्तरच्या वर टक्के पडले की लोक पेढा तोंडात टाकायच्या आधी विचारत, लातूरला कुणाच्या क्लासला घालताय? वर्षाराणीचे वडील शरणप्पा यांचं मुदखेडच्या बाजारात पत्र्याचं आणि लोखंडी सामानाचं दुकान होतं. भूकंपानंतर पत्रा असा काही खपला की शरणप्पांना पोरीला डॉक्टर करण्याची स्वप्नं भर दुपारी गल्ल्यावर बसल्याबसल्या पडू लागली. पोरगी मात्र जेवताना म्हणाली की मला लातूरला जायचं नाही. शरणप्पांनी ते ऐकलं आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. पोरांचं ऐकायचं म्हणजे एवढंच, अशी त्यांची समजूत होती.

त्या पंगतीला मास्तर होतेच. मुदखेडच्या शाळेत कवायत शिकवणारे आणि पोरीचे सख्खे मामा. त्यांना राहवलं नाही. ते म्हणाले, दाजी, पोरीला तिच्या मनाचं शिकू द्या, जिद्द असली की माणूस काय वाट्टेल ते करतो. शरणप्पा म्हणाले की आयुष्यभर नुसती शिट्टी वाजवणाऱ्यानं जिद्दीच्या गोष्टी सांगू नयेत. झालं. उचलली जीभ लावली टाळ्याला. मास्तर बोलून गेले की अंबाजोगाईपासून मुदखेडपर्यंत अख्खा बालाघाट मी डोंगराडोंगरानं पायी चालून दाखवतो. शरणप्पांनी शांतपणे ताक प्यायलं, मिशी पुसली आणि अट घातली.

"चाललास तर पोरगी म्हणंल ते शिकंल. पर वाटंत कसल्या बी गाडीत पाय ठिवलास, मंग ती बैलगाडी का असंना, तर पोरगी लातूरला. मंग तू तोंड उघडायचं न्हाई."

सख्ख्या मेहुण्यावर शरणप्पांचा विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी साक्षीला हनीफभाई नेमले. स्टेशनसमोर घड्याळं दुरुस्त करणारा हा माणूस खोटं बोलत नाही हे मुदखेडात सगळ्यांना ठाऊक होतं. रोजचं चालणं त्यांनी एका वहीत टिपून ठेवायचं होतं. डॉक्टरनं त्यांना चालायला सांगितलं होतं, पण डॉक्टरच्या डोक्यात एवढं नसावं. मास्तरांनी दोन आठवडे तयारी केली, रजा टाकली, सॅक भरली आणि निघाले. पोरीचं पुढचं सगळं शिक्षण आता मास्तरांच्या दोन पायांवर अवलंबून होतं, आणि मास्तरांना त्या पायांची काडीचीही काळजी नव्हती.

तर विश्रांतीच्या दिवशी सकाळी हनीफभाई तळव्यांना हळद-तेल चोपडून घोरत पडले, आणि मास्तर रजियाच्या अंगणात पिंजऱ्यातल्या वाघासारखे येरझारा घालू लागले. रजियाची चुलीपुढं धांदल चालली होती. तिचा मुलगा मुनीब लातूरला बारावीच्या क्लासला होता आणि त्याचा डबा रोज सकाळच्या एसटीनं जाई. हे काही तिच्या एकटीचं नव्हतं. अहमदपुरातली निम्मी घरं रोज सकाळी स्टँडवर डबे घेऊन येत, कंडक्टर ते गाडीत रचून घेई, लातूरच्या स्टँडवर पोरं आपापलं नाव बघून डबा उचलत आणि कालचा रिकामा डबा परत पाठवत. पोरगं परगावी गेलं तरी जेवण आईच्याच हातचं. रजियाचे मालक आज गावाला गेलेले, पाहुण्यांचा स्वयंपाक अर्धा राहिलेला, त्यामुळं डबा स्टँडवर कोण नेणार याचा तिला घोर लागला होता. मास्तरांनी तो तिच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतला.

हनीफभाईंनी एक डोळा उघडला. "मास्तर, जरा पडून ऱ्हावा की. आज आरामाचा दिस हाय, कशाला फिरून राहिलेत?"

"स्टँडपस्तोर जाणं म्हंजे आरामच हाय," मास्तर म्हणाले आणि निघाले.

स्टँडवर लातूरची गाडी लागली आणि जो तो दाराकडं धावला. मास्तरांनी डबा रीतसर कंडक्टरच्या हवाली केला. काम संपलं होतं. शहाणा माणूस तिथून परत फिरला असता, भाकरी खाऊन झोपला असता. पण गर्दीच्या मागं पारूबाई नावाची एक म्हातारी गाठोडं घेऊन उभी होती. लातूरला लेकीच्या बाळंतपणाला चाललेली, गुडघे धरलेले, आणि दाराशी तर सुई शिरायला जागा नव्हती. ती कुणालाच काही म्हणत नव्हती. नुसती बघत होती. तेच मास्तरांना सहन झालं नाही. "मावशे, तुमी घाबरू नका, जागा मी धरतो," असं त्यांनी सांगून टाकलं.

जागा धरणं ही विद्या मास्तरांना लहानपणापासून येत होती. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, गाडीच्या कडेकडेनं धावत गेले आणि मागून तिसऱ्या खिडकीतून तो बरोब्बर रिकाम्या बाकावर टाकला. यात पाय कुठं आला? पंचा आत, मास्तर बाहेर. इथपर्यंत पैजेला धक्कासुद्धा लागलेला नव्हता. पण आत एका मिशाळ माणसानं तो पंचा उचलला, घडी करून वरच्या फळीवर ठेवला आणि स्वतः खिडकीशी बसला.

आता हे अति झालं. एसटीत बाकावर टाकलेला पंचा म्हणजे पंचा नसतो, तो त्या जागेचा सातबारा असतो. बाकीचे कायदे माणूस मोडेल, पण पडलेल्या पंच्याला हात लावणार नाही. मास्तरांच्या डोक्यात तिडीक गेली. शरणप्पा, पैज, वर्षाराणी सगळं एका क्षणात विसरून ते ड्रायव्हरच्या दारातून आत शिरले, बाकांवरून वाट काढत मागं गेले आणि शाळेतल्या पोरांवर वापरायच्या आवाजात त्या मिशाळाला चार शब्द सुनावले. आजूबाजूच्या लोकांनीही माना डोलावल्या, कारण न्याय मास्तरांच्या बाजूचा होता. मिशाळ उठला. पारूबाई येईपर्यंत जागा पुन्हा कुणी बळकावू नये म्हणून मास्तर स्वतः तिथं बसले आणि खिडकीतून त्यांनी म्हातारीला हाक मारली.

म्हातारी दारापर्यंत पोहोचलीच नाही. माणसं पायरीपर्यंत खच्चून भरली होती. कंडक्टरनं डबल बेल मारली, गाडी हलली आणि पारूबाई गाठोड्यासकट खाली राहिली. मास्तर गाडीत.

तेव्हा त्यांना आठवलं. वर्षाराणीचा चेहरा डोळ्यांपुढं आला, मग शरणप्पांचा आला, मग लातूरच्या कुठल्याशा खोलीत रडत गणितं सोडवणारी भाची दिसू लागली. पण मास्तर कवायतीचे माणूस, संकटात सावधान उभं राहायची सवय. त्यांनी विचार केला. गाडी उभी होती तोवर ती नुसती पत्र्याची खोलीच होती, तिथं पाय लागले ते धरायचं कारण नाही. चालत्या गाडीत मात्र पाय टेकता कामा नये. मास्तरांनी झटक्यात दोन्ही पाय वर घेतले आणि बाकावर मांडी घातली.

शेजारचा माणूस बराच वेळ बघत राहिला आणि मग त्यानं हळूच विचारलं, "काय नवस हाय का?"

"हाव," मास्तर म्हणाले.

नवस म्हटल्यावर सगळं बदललं. शेजारच्यानं अदबीनं सरकून घेतलं. पुढच्या बाईनं केळं दिलं. मास्तरांनी कंडक्टरला बोलावून खाली उतरवायला सांगितलं तर तो म्हणाला की महाराज, इथं उतरलात तर तुमच्यासाठी चाळीस माणसं आधी खाली उतरवावी लागतील, चाकूरला बघू. आणि असा पाय बांधून बसलेला, जागचा न हलणारा माणूस आयताच सापडलाय म्हटल्यावर त्यानं डब्यांची रास मास्तरांच्याच ताब्यात दिली. काही डबे मांडीवर, काही बाकाखाली, काही पायांच्या जागी. चाकूर आलं तेव्हा मास्तर गळ्यापर्यंत डब्यांत होते. उतरायचं तर चाळीस पोरांच्या जेवणावर पाय देऊन उतरावं लागलं असतं. कवायतीच्या मास्तरांना पोरांचं जेवण लाथाडणं काही जमलं नाही. चाकूर गेलं.

लातूरच्या स्टँडवर गाडी थांबते न थांबते तोच खिडकीखाली पोरांचा गलका झाला. प्रत्येकाला आपला डबा आधी पाहिजे होता. मास्तरांचं डोकं पुन्हा कामाला लागलं. त्यांनी खिशातली शिट्टी काढली, एकदाच फुंकली आणि पोरांना एका ओळीत उभं केलं. मग डब्यावरचं नाव वाचायचं, हाक मारायची, खिडकीतून डबा द्यायचा, रिकामा आत घ्यायचा. कंडक्टर चहा घेत बघत राहिला. दहा वर्षांच्या नोकरीत त्यानं असं शिस्तीचं काम पाहिलं नव्हतं. मास्तरांनाही इतकं बरं वाटू लागलं की आपण इथं कसे आलो हे ते पार विसरून गेले.

मुनीबचा डबा देऊन झाला, तेवढ्यात ओळीच्या शेवटून एका मोठ्या माणसाचा आवाज आला. त्याला मुदखेडचा डबा कोणच्या गाडीनं येतो ते पाहिजे होतं.

"मुदखेडची सरळ गाडी न्हाई," मास्तर पुढच्या डब्यावरचं नाव वाचत म्हणाले, "नांदेडच्या गाडीत ठिवायला सांगा." आणि त्यांनी मान वर केली.

खिडकीखाली शरणप्पा उभे होते. हातात डायरी, कानावर पेन. वर मेहुणा मांडी घालून डब्यांत बसलेला, खाली दाजी डब्याची चौकशी करत उभे.

"चालत आलास काय?" शरणप्पांनी विचारलं.

स्टँडबाहेरच्या हॉटेलात चहा समोर ठेवून दोघं बसले तेव्हा सगळं बाहेर आलं. मास्तरांनी पंचा, पारूबाई, मांडी, सगळं खरंखरं सांगितलं. शरणप्पांना सांगण्यासारखं फारसं नव्हतं, कारण त्यांच्या डायरीतून क्लासची पावती डोकावत होती. पोरीचं नाव कालच घालून झालं होतं, खोली ठरली होती, आता फक्त डब्याचं राहिलं होतं. म्हणजे मास्तर तिकडं डोंगरात पाय झिजवत असताना दाजींनी इकडं निकालही लावून टाकला होता. चोराच्या उलट्या बोंबा मारायलाही शरणप्पांना तोंड उरलं नाही.

मास्तरांना राग नाही आला, वाईट वाटलं. "तुमाला आधीच ठाव होतं का, मी हरणार म्हणून?"

"तू आजवर कोणची गोष्ट पुरी केलीस, सांग बरं," शरणप्पा म्हणाले. ते चिडून म्हणाले नाहीत, म्हणून जास्त लागलं.

मास्तरांनी चहा तसाच ठेवला आणि उठले. अहमदपूरला परत जाणाऱ्या गाडीत मुनीबच्या रिकाम्या डब्यात त्यांनी हनीफभाईंसाठी चिठ्ठी घातली: 'एसटीत बसलो, लातूरला आलो, आता चालत परत येतो. वहीत जसंच्या तसं लिहून घ्या.' मग ते दाजींना म्हणाले की जेवढं गाडीनं आलो तेवढं उलटं चालत जातो आणि अहमदपूरहून पुढं पैज चालू. तुम्ही पावती घेतली ते मी बघितलं नाही, मी गाडीतून आलो ते तुम्ही बघितलं नाही. शरणप्पांनी व्यापारी शंका काढली की वाटेत पुन्हा गाडीत बसलास तर बघायला कोण आहे?

"तुमीच चला," मास्तर म्हणाले. "का जमायचं न्हाई?"

हा प्रश्न शरणप्पांना विचारायला नको होता. त्यांच्या पायात कोऱ्या करकरीत कोल्हापुरी चपला होत्या आणि दुकानापासून घरापर्यंतच्या पलीकडं ते वीस वर्षांत चालले नव्हते. तरी ते ताडकन उठले.

पहिल्या कोसात शरणप्पांनी मेहुण्याला व्यवहार शिकवला. दुसऱ्या कोसात ते गप्प झाले. तिसऱ्या कोसात त्यांनी चपला हातात घेतल्या आणि पाऊस लांबल्याबद्दल सरकारला दोष दिला. त्यानंतर ते प्रत्येक बाभळीखाली बसू लागले आणि मास्तर प्रत्येक बाभळीखाली त्यांच्यासाठी थांबू लागले. उन्हं कलल्यावर रस्त्याकडेची एक चहाची टपरी लागली, तिथं पिवळ्या पाटीचा एसटीडी फोन होता. शरणप्पांनी बाकड्यावर अंग टाकलं आणि तळवे बघितले. दोन्ही तळव्यांना टरारून फोड आले होते. ते बघून त्यांचा चेहरा कसनुसा झाला.

"असं पाच दिस चाललास?"

"डोंगरातनं."

शरणप्पांनी डायरीतली पावती काढली, चार तुकडे केले आणि बाकड्याखाली टाकले. "जा. जिंकलास. पोरगी म्हणंल ते शिकंल." आणि थोड्या वेळानं, पाणी पिऊन झाल्यावर, "बरं, तिला शिकायचंय तरी काय?"

मास्तरांनी आत्मविश्वासानं तोंड उघडलं. ते तसंच उघडं राहिलं. लातूरला जायचं नाही, एवढंच त्यांना ठाऊक होतं. पुढचं त्यांनी विचारलंच नव्हतं. बाप आहे म्हटल्यावर दाजींना माहीत असेल, असं ते धरून चालले होते. आणि मामाशी गूळपीठ आहे म्हटल्यावर मामाला माहीत असेल, असं दाजी धरून बसले होते. तीन आठवडे दोघं पोरीच्या शिक्षणासाठी जिवाचं रान करत होते, आणि पोरीला एका शब्दानं कुणी विचारलेलं नव्हतं.

शरणप्पांनी फोन लावला. तो त्यांच्या बायकोनं, मल्लम्मानं उचलला. मास्तरांनीही कान रिसिव्हरला भिडवला. वर्षाराणीला दे, असं शरणप्पा म्हणाले.

"ती न्हाई घरी," मल्लम्मा म्हणाली. "नांदेडला गेली सकाळच्या रेल्वेनं. तंत्रनिकेतनाची यादी लागली, नाव आलंय तिचं. दाखले द्यायला गेलीय."

"कसली यादी?"

"सिव्हिलची. बांधकामाची. भूकंपापास्नं मी स्लॅबखाली झोपत न्हाई, अंगणात पत्र्याखाली झोपते, ठावं हाय का तुमाला? पोरगी म्हणली, आई, तू गाढ झोपशील असलं घर मीच बांधते."

शरणप्पांनी प्रश्न केला की फॉर्मवर सही कुणी केली.

"मी केली. पालकाची सही, असं लिवलं होतं. मी पालक न्हाई व्हय? तुमी दोघांनी पैज लावली, त्याच्या दुसऱ्याच दिशी भरला फॉर्म."

"मंग सांगितलं का न्हाईस?"

"तुमचा खेळ रंगात आलता. म्हणलं, मोडायचा कशाला."

"आन् मास्तर हरला असता तर?"

"हरला असता तरी यादी लागलीच असती की," मल्लम्मा म्हणाली. मग तिनं विचारलं की दोघं आहेत तरी कुठं, आणि म्हणाली की आता उगी ताणू नका, गपगुमान गाडीत बसा आणि घरी या, पोरीनं पेढे सांगितलेत.

फोन ठेवून दोघं टपरीबाहेर आले. मास्तरांचे डोळे भरून आले होते. आनंद खरा होता, छाती फुगावी एवढा होता, फक्त त्यात आपला रुपयात चार आण्याचाही वाटा नाही हे त्यांना राहून राहून टोचत होतं. शरणप्पांनी एवढंच पुटपुटलं की पत्र्याच्या दुकानदाराची बायको पत्र्याखाली झोपते, आणि तिन्ही वर्षं आपल्याला वाटत होतं की तिला तिथं वारा लागतो.

तेवढ्यात अहमदपूर-नांदेडकडं जाणारी एक गाडी आली आणि टपरीपाशी आपण होऊनच थांबली. कंडक्टरनं दार उघडलं आणि दोघांच्या पायांकडं बघून बसा म्हणाला.

मास्तरांनी दाजींकडं बघितलं. दाजींनी मास्तरांकडं बघितलं. घरी मल्लम्मा बसली होती, पोरगी पेढे घेऊन येणार होती, आणि एवढे दिवस तुम्ही दोघं नेमकं काय करत होतात हे दोघींपैकी कुणीतरी विचारणारच होतं.

"जाऊ द्या," शरणप्पा कंडक्टरला म्हणाले आणि चपला हातात घेतल्या. "आमी चालतच जाणार. मुदखेडपस्तोर."